अपने मोहल्ले में कायकू?

बेघर निवाऱ्याचा विषय बीडमध्ये कुठेही काढून बघा. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या दावतीत, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर. पहिला प्रश्न येतो, "खर्च कुणाचा?" सरकारचा म्हटलं की दुसरा, "म्हणजे आपल्याच टॅक्सचा ना?" आणि तिसरा जरा आवाज उतरवून, "वो सब ठीक है, पण अपने मोहल्ले में कायकू?"

तिन्ही प्रश्नांना उत्तरं आहेत. तिसऱ्याचं उत्तर देताना मला राग येतो, हे आधीच सांगतो.

हे निवारे कुठून आले ते आधी पाहू, कारण आपल्याकडे समज असा आहे की एखाद्या पुढाऱ्याच्या मनात आलं आणि त्याने योजना काढली. डिसेंबर 2009 मध्ये दिल्लीत, ऐन थंडीत, तिथल्या महापालिकेने पुसा रोडवरचा बेघरांचा तंबूचा निवारा पाडला. बातम्या आल्या, आणि अन्न अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांनी न्यायालयाला पत्र लिहिलं. जानेवारी 2010 मध्ये न्यायालयाने तो निवारा परत उभारायला लावला. पुढे त्याच खटल्यात मोठ्या शहरांसाठी प्रमाण ठरलं: दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारा, चोवीस तास आणि बारा महिने चालणारा. 2013 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात हेच प्रमाण घेतलं आणि माणशी पन्नास चौरस फूट जागा धरली. म्हणजे साधारण एक खाट, एक पेटी आणि उठून उभं राहायला जागा.

2011 च्या जनगणनेत बीड शहराची लोकसंख्या 1 लाख 46 हजारांच्या पुढे होती. आज ती किती वाढली असेल, ते शहराच्या कडेने फिरलं की कळतं. तेव्हा शहरात निवारा असणं ही कुणाची मेहेरबानी नाही, किमान हिशेब आहे. त्याच जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची वेगळी मोजणी झाली होती. देशात 17 लाख 73 हजार आणि महाराष्ट्रात 2 लाख 10 हजारांच्या वर माणसं त्या रात्री उघड्यावर झोपलेली सापडली. एका रात्रीत जेवढी दिसली तेवढीच.

आता टॅक्स. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, पगारातून दर महिन्याला टीडीएस कापला जातो, आणि तो आकडा बघून मलाही बरं वाटत नाही. पण आपल्या मंडळींची एक गंमत आहे. ज्यांनी आयुष्यात आयकराचं विवरणपत्र भरलं नाही तेही निवाऱ्याचं नाव निघालं की करदाते होतात. त्यात खोटं काही नाही म्हणा, कारण कर सगळेच भरतात. बसस्टँडवर झोपणारी म्हातारी चहात बुडवायला बिस्किटाचा पुडा घेते. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटीचे दर उतरले, त्याआधी त्या पुड्यावर 18 टक्के कर होता, आजही 5 टक्के आहे. तिच्या साबणावर होता, चपलेवर होता. ज्या तिजोरीतून निवारा बांधायचा तिच्यात तिचेही पैसे आहेत. आपण भरतो त्याची पावती मिळते, तिला मिळत नाही, एवढाच फरक.

या वादाला वरूनही बळ मिळालं. 12 फेब्रुवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयात बेघरांच्या निवाऱ्याचा खटला सुनावणीला होता. तेव्हा न्यायमूर्ती भूषण गवई, जे पुढे सरन्यायाधीश झाले, म्हणाले की फुकटच्या योजनांमुळे लोक काम करायला तयार नाहीत, आपण परजीवींचा वर्ग तयार करतो आहोत का. लाडकी बहीण आणि फुकट रेशनचा उल्लेख झाला. शेतीला मजूर मिळत नाहीत, हा घरचा अनुभवही त्यांनी सांगितला. ती क्लिप आपल्याही ग्रुपांवर फिरली, आणि खाली "सही बात" लिहिणारे आपलेच होते.

मोठ्या खुर्चीचा मान ठेवून एकच विचारतो. लाडकी बहीणचे दीड हजार मिळवायला काय लागतं? आधारला जोडलेलं बँक खातं, राज्याच्या रहिवासाचा पुरावा आणि 21 ते 65 मधलं वय. रेशनला कार्ड लागतं. जिला दार नाही तिच्या दारावर नंबर कुठून असणार? नंबर नाही म्हणून पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून खातं नाही. ज्या योजनांनी बेघर आळशी झाले असं म्हणायचं, त्या योजना बेघरापर्यंत पोचतच नाहीत. निवाऱ्याचं खरं काम तिथे सुरू होतं. अभियानाच्या नियमांत आहे की निवाऱ्यात आलेल्या माणसाला ओळखपत्र, रेशन, पेन्शन, दवाखाना यांच्याशी जोडून द्यायचं. छप्पर आणि पत्ता एकाच वेळी मिळतो. सध्या राज्यात उशिरा काढलेल्या जन्मदाखल्यांची चौकशी चालू असताना कागद नसलेल्या माणसाला, त्यातून नाव आपल्यासारखं असलेल्या माणसाला, कुणीही बांगलादेशी म्हणून मोकळं होतं. अशा माणसाचं नाव एखाद्या सरकारी रजिस्टरात असणं किती मोठी गोष्ट आहे, हे मी तुम्हाला समजावून सांगायला नको.

आणि काम करायला तयार नाहीत हे बीड जिल्ह्यात कुणी म्हणावं? दसरा-दिवाळीच्या सुमारास इथून लाखो माणसं कोयता घेऊन निघतात. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक. पाच-सहा महिने उसाच्या फडाशेजारी कोपीत राहतात. त्या दिवसांत आपला अर्धा जिल्हा दुसऱ्याच्या गावात बेघरच असतो की. 2016 च्या दुष्काळात मराठवाड्यातली, विशेषतः नांदेडकडची, कुटुंबं मुंबईत घाटकोपरच्या मैदानावर पाल ठोकून राहिली होती. तिथल्या लोकांनीही विचारलं असेल, हे आमच्याकडेच कशाला? पुण्यात रात्री उशिरा कामावरून परतताना पुलाखाली झोपलेल्यांची बोली कानावर आली तर थांबून ऐका. 'व्हय' आणि 'कुठं चाललाव' ऐकू येईल. ती आपलीच माणसं आहेत. पन्नाशीत कंबर मोडलेल्या ऊसतोड मजुराला मुकादम उचल देत नाही, पोरगा बायको घेऊन चाकणला जातो, आणि म्हातारा बसस्टँडवर येतो. आळस यात नेमका कुठल्या पायरीवर आला?

आपल्यात एक वेगळं उत्तरही ऐकायला मिळतं: सरकारच्या नादाला लागायचं कशाला, आपली जकात आहे, सदका आहे, वक्फ आहे, आपल्या गरिबांचं आपण बघू. हे म्हणणाऱ्यांची नियत चांगली असते. थंडीत ब्लँकेट वाटणारी, रमजानमध्ये किट बांधणारी पोरं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याबद्दल वावगा शब्द काढणार नाही. मुसाफिरखान्यांची परंपराही आपली आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दिक मुसाफिरखाना हजला निघालेल्यांसाठीच बांधला गेला. पण ब्लँकेटला पत्ता नसतो. शिवाय खैरात देणारा आधी बघतो की समोरचा कोण, कुठल्या जमातीचा, नमाजी की दारुडा. नगरपालिकेच्या निवाऱ्याला हे विचारायचा अधिकार नाही, तोच त्याचा फायदा. आणि "आपल्यांचं आपण बघू" म्हणालो की नगरपालिकेचे हात मोकळे होतात. रस्ता, नळ, शाळा यांबाबत आपण हे कधी म्हणत नाही, मग छपराबाबतच का? वक्फचं तर बोलायला नको. बीड जिल्ह्यात दर्ग्यांच्या इनामी जमिनींचं काय झालं, कुणाच्या नावावर चढल्या, त्याचे गुन्हे दाखल आहेत, आणि आरोपींच्या यादीत सगळे बाहेरचे नाहीत.

बैतुलमाल, म्हणजे सार्वजनिक तिजोरी, यावर आपल्याच इतिहासात एक वाकया आहे. हारून रशीदच्या काळचे काजी अबू युसूफ यांनी करांवर 'किताबुल खराज' हा ग्रंथ लिहिला, त्यात तो येतो. हजरत उमर (रजि.) यांना दारोदार मागणारा एक आंधळा म्हातारा दिसला. विचारलं तर तो यहुदी निघाला. वय झालं, जिझिया भरायचा आहे, पोट भरायचं आहे, म्हणून मागतो. त्यांनी त्याला घरी नेलं, जवळ होतं ते दिलं, आणि बैतुलमालच्या खजिनदाराला सांगितलं की याला आणि याच्यासारख्यांना बघा. हात चालत होते तेव्हा याच्याकडून कर घ्यायचा आणि म्हातारपणी वाऱ्यावर सोडायचं, हा इन्साफ झाला नाही. त्याचा जिझिया माफ झाला. टॅक्सच्या पैशांतून बेघराला का द्यायचं, याचं यापेक्षा सरळ उत्तर मला सापडलेलं नाही. आणि तो म्हातारा 'आपल्यातला' नव्हता, हेही ध्यानात घ्या.

आता मोहल्ला. मशिदीजवळ नको, शाळेजवळ नको, आमच्या गल्लीत नको. बायपासच्या पलीकडे, एमआयडीसीकडे काढा. नियम म्हणतात की निवारा बेघर जिथे असतात आणि जिथे काम मिळतं त्याच्या जवळ हवा. बसस्टँड, बाजार, मोंढा, रेल्वे स्टेशन. बीडला रेल्वे 17 सप्टेंबर 2025 रोजी आली, त्यासाठी दोन पिढ्यांनी वाट पाहिली. आता स्टेशनवर उतरणाऱ्यांत तिकीट असलेले आणि नसलेले दोन्ही असतील. हमाली करणारा माणूस रात्री बायपासच्या पलीकडे झोपायला जाणार आणि पहाटे मोंढ्यात पोचणार कसा? तो जाणारच नाही. निवारा रिकामा राहील, आणि मग आपणच म्हणू, बघा, ह्यांना सोय दिली तरी नको असते.

मशिदीजवळ नको म्हणणाऱ्यांना सुफ्फा आठवायला हवा. मस्जिदे नबवीला लागून असलेला तो चबुतरा, मदिन्यात ज्यांना घरदार नव्हतं त्यांच्यासाठी. हजरत अबू हुरैरा (रजि.) त्यांच्यातलेच. गावाबाहेर नव्हता तो, मशिदीच्या छपराखाली होता.

मला राग येतो तो यासाठी. हे वाचणाऱ्या तुमच्यातल्या किती जणांनी पुण्यात, मुंबईत, संभाजीनगरात भाड्याचं घर शोधलं आहे? फोनवर सगळं ठरतं. डिपॉझिट, तारीख, पार्किंगसुद्धा. मग नाव विचारतात, आणि अर्ध्या तासात "सॉरी, घर गेलं". माझ्या बाबतीत एका महिन्यात तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी एजंट जरा प्रामाणिक निघाला: "सोसायटीला चालत नाही, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." सोसायटीला चालत नाही म्हणजे काय, ते आपल्याला पोटातून ठाऊक आहे. माणूस न बघताच त्याच्या नावावरून ठरतं की हा आला की घाण होईल, बायकांना त्रास होईल, भाव पडतील. आता आपल्या मोहल्ल्यात निवाऱ्याच्या विरोधात जे बोललं जातं ते ऐका. घाण होईल, बायकांना त्रास होईल, प्लॉटचे भाव पडतील. शब्दसुद्धा तेच.

विरोधातली प्रत्येक गोष्ट मी उडवून लावत नाही. निवारे वाईट चालतात हे खरं आहे. कितीतरी ठिकाणी ते कागदावर चालतात. चालवणाऱ्या संस्थेला पैसे वेळेवर मिळत नाहीत, मग पगार थकतात, मग संडास तुंबतात. बायका, म्हातारे, मनोरुग्ण आणि दारू पिऊन आलेला माणूस एका हॉलमध्ये घातले तर भांडणं होणारच. अभियानाने बायकांसाठी आणि आजाऱ्यांसाठी वेगळ्या सोयीची तरतूद केली आहे ती याचसाठी. शेजाऱ्यांची भीती खोटी नसते. पण गलिच्छ संडासावरचा इलाज तो साफ करून घेणं आहे, निवारा हाकलणं नाही. त्यातून अभियानाची मुदत सप्टेंबर 2024 मध्ये संपली. फेब्रुवारीच्या त्याच सुनावणीत महान्यायवादींनी सांगितलं की शहरी गरिबी निर्मूलनाचं नवं अभियान आखणं चालू आहे आणि त्यात बेघरांचा निवाराही असेल. अशा मधल्या काळात निवारे सगळ्यात आधी मरतात, कारण त्यांच्यासाठी मोर्चा काढायला कुणी नसतं. झोपणाऱ्यांकडे मतदार ओळखपत्र नसतं आणि शेजाऱ्यांना ते बंदच झालेले हवे असतात.

डिसेंबर 2025 मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. कितीतरी वर्षं प्रशासक होते, आता निदान पकडायला नगरसेवक आहेत. त्यांना पानटपरीवर गाठून नका विचारू, अर्ज द्या, पोच घ्या. शहराला किती निवारे लागतात आणि किती चालू आहेत? रात्री अकराला दार उघडं असतं का? बायकांची खोली वेगळी आहे का, आणि किल्ली कुणाकडे असते? शेवटचा पगार कधी झाला? देखरेखीच्या समितीत कोण आहे, आणि आपल्या मोहल्ल्यातलं कुणी तिच्यात जायला तयार आहे का? उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आणि पुढच्या वेळी कुणी आवाज उतरवून "अपने मोहल्ले में कायकू" म्हणालं, तर त्यांच्या पोराला पुण्यात घर मिळायला किती दिवस लागले, तेवढं विचारा.