रक्त काय सांगते?

काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी आम्ही शिक्षकाचे काम करीत असताना घडलेली ही गोष्ट आहे. शाळेने मुलांच्या ओळखपत्रांवर रक्तगट नोंदवावयाचे ठरविले होते. त्या आठवड्यात नववीतील एक मुलगा मधल्या सुटीत आमच्याकडे आला आणि म्हणाला, "सर, बाबांचा गट 'ए', आईचा 'बी', आणि माझा 'ओ' आला. असे असते का?" आम्ही म्हटले, "असते." तरी तो जागचा हलेना. अखेर खाली मान घालून म्हणाला, "आजी म्हणाली, हे पोर आपल्या रक्ताचे दिसत नाही."

आजीने ते थट्टेने म्हटले असेल; परंतु त्या थट्टेमुळे मुलाची आई दोन दिवस कोणाशी बोलली नव्हती.

आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर. 'असते' एवढे ऐकून ठाऊक होते. का असते, ते सांगता येईना. म्हणून शास्त्र शिकविणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांना घेऊन त्याच सायंकाळी आम्ही मुलाच्या घरी गेलो. चहा झाला. सहकाऱ्यांनी धाकट्या मुलीची पाटी मागून घेतली व तिच्यावर आकृती काढली. प्रत्येक माणसाजवळ रक्तगटाची दोन जनुके असतात, एक आईकडून आलेले व एक वडिलांकडून आलेले. 'ए' व 'बी' ही उघड दिसणारी, 'ओ' हे त्यांच्या आड दडणारे. बाबांजवळ 'ए'च्या आड 'ओ' असेल आणि आईजवळ 'बी'च्या आड 'ओ' असेल, तर दोन्ही दडलेली जनुके एकाच अपत्यात एकत्र येऊ शकतात. असा योग चारांत एकदा संभवतो. आजीबाई पाटीकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ते दोघांकडेही लपून होते म्हणा की!" शास्त्राच्या पुस्तकातही याहून चांगले वाक्य आम्हांस आढळलेले नाही.

वाचकहो, 'रक्त' हा शब्द आपण फार सैल जिभेने वापरतो. 'आमच्या रक्तात ते नाही', 'रक्तच तसे', 'रक्त बोलते' असे घरोघरी ऐकू येते. पण खरे रक्त काय सांगते, हे विचारावयास फारसा कोणी जात नाही. ते विचारले पाहिजे, आणि शाळेत विचारले पाहिजे, हे आमचे मत या लेखात मांडावयाचे आहे.

ए, बी, ओ या गटांचा शोध व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी लावला. या कथेतील सर्वांत नवलाचे प्रकरण मात्र आपल्या मुंबईत घडले. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे, एच. एम. भाटिया व त्यांचे इंग्लंडमधील सहकारी यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तीन व्यक्तींच्या रक्ताची हकीकत प्रसिद्ध केली. हे रक्त वरवर पाहता 'ओ' गटाचे वाटे. परंतु 'ओ' गटाचे रक्तही त्याला चालत नसे! कारण असे, की 'ए' व 'बी' ही द्रव्ये रक्तपेशीवर ज्या पायावर उभी राहतात, तो 'एच' नावाचा पायाच या व्यक्तींत नव्हता. पाया नाही तेथे भिंत कोठून उभी राहणार? अशा माणसाजवळ 'ए'चे जनुक असले तरी त्याचे रक्त 'ए' दिसत नाही. आणि त्याच्या अपत्यास दुसऱ्या पालकाकडून पाया मिळाला, की तोच 'ए' एकदम प्रकट होतो. यास आज सारे जग 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखते. भारतात तो सुमारे दहा हजारांत एकास असतो असे सांगतात. युरोपात त्याहून फार विरळ. अशा व्यक्तीस रक्त लागले, तर त्याच गटाचा दाता शोधावा लागतो. मग तो कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, हे रुग्णशय्येजवळ कोणी विचारीत नाही.

आता आणखी एक पाऊल मागे जाऊ. रक्तगट ही केवळ मनुष्याची मिरास नव्हे. चिंपांझी, गोरिला, गिबन यांच्या रक्तातही ही द्रव्ये आढळतात. 'ए' व 'बी' हा भेद मनुष्य आणि गिबन यांच्या समाईक पूर्वजापासून, म्हणजे निदान दोन कोटी वर्षांपासून चालत आला असावा, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविले आहे. रक्तगटापुढे आपण 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह' लिहितो, त्या 'आर एच' घटकाचे नावच मुळी ऱ्हीसस माकडावरून पडले आहे. ओळखपत्रावरच्या त्या दोन अक्षरांत एवढा जुना इतिहास दडलेला आहे.

"म्हणजे आम्ही माकडापासून झालो का?" असा प्रश्न वर्गात हटकून येतो व हशा पिकतो. त्याचे उत्तर आम्ही भाषेच्या उदाहरणाने देतो, कारण तो आमचा विषय आहे. आमची घरची बोली कोंकणी. 'कोंकणी ही मराठीचीच मुलगी ना?' असे आम्हांस पुष्कळांनी विचारले आहे. नव्हे; दोघी बहिणी. मराठीत 'डोळा', कोंकणीत 'दोळो'. दोहींत 'कान', दोहींत 'हात'. कानडीत पाहा: 'कण्णु', 'किवि', 'कै'. येथे घराणे निराळे. मराठी व कोंकणी यांचे साम्य एका जुन्या समाईक प्राकृत बोलीमुळे आहे. एकीपासून दुसरी झाली म्हणून नव्हे. तद्वत आजचे माकड हा आपला आजोबा नव्हे, तो आपला दूरचा चुलतभाऊ होय. चिंपांझीच्या व आपल्या वंशरेषा सुमारे साठ ते सत्तर लाख वर्षांपूर्वी अलग झाल्या. चिंपांझीत गुणसूत्रे ४८, आपल्यात ४६. कारण पूर्वजांची दोन गुणसूत्रे जोडली जाऊन आपले दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र झाले, आणि त्या जोडाची खूण आजही त्यात दिसते.

भाषेची उपमा येथेच सोडू, कारण भाषा शेजाऱ्याकडून शब्द उसने घेते. मराठीतला 'अडकित्ता' कानडीतून आला. रक्तगट मात्र शेजाऱ्याकडून उसना मिळत नाही. तो आईबापांकडूनच यावा लागतो.

मग येथे कोणी म्हणेल, 'धारवाडी म्हैस जातिवंत असते, तसा मनुष्य जातिवंत का नसावा?' हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. आपल्या पेढ्यामागची ही धारवाडी म्हैस २०२१ साली स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदीत आली, याचा आम्हांसही अभिमान आहे. पण घोटाळा शब्दाचा आहे. वाघ ही एक जात, धारवाडी ही म्हशीची जात आणि माणसांतली जात, या तिन्हींस मराठी एकच शब्द वापरते. पहिली निसर्गाने लक्षावधी वर्षांत घडविली. दुसरी गवळ्यांनी पिढ्यान् पिढ्या निवड करून जोपासली. तिसरीत कोणत्या गुणाची निवड झाली? कोणत्याही नव्हे, फक्त लग्ने आतल्या आत झाली. मनुष्यांत आढळणाऱ्या आनुवंशिक भेदांपैकी सुमारे ८५ टक्के भेद एकाच समूहातील माणसामाणसांतच असतात, हे रिचर्ड लेवोन्टिन यांनी १९७२ साली मोजून दाखविले. योगायोगाने त्याच १९७२ साली धारवाडच्या कृषिशास्त्रज्ञांनी, डॉ. कटरकी यांच्या प्रयत्नाने, कापसाच्या दोन निरनिराळ्या प्रजातींचा संकर करून 'वरलक्ष्मी' हे वाण दिले. ते 'शुद्ध' नव्हते. पण कापूस पिकविणाऱ्या घरांत त्याने खरोखरीच लक्ष्मी आणली.

कुळाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी थोडा हिशेबही करावा. आईबाप दोन, आजीआजोबा चार, त्यांचे आईबाप आठ. असे दहा पिढ्या मागे गेले की १,०२४ पूर्वज होतात; तीस पिढ्या मागे गेले की १०७ कोटींहून अधिक! आपल्या अमरगोळचे बनशंकरीचे देऊळ चालुक्यकालीन. ते उभे राहिल्यापासून एवढ्याच पिढ्या उलटल्या असतील. त्या काळी साऱ्या जगातही एवढी माणसे नव्हती. अर्थात तेच तेच पूर्वज पुनःपुन्हा आपल्या वंशवृक्षात येतात. हैदराबाद येथील पेशीविज्ञान संस्थेचे व अमेरिकेतील शास्त्रज्ञ यांनी २०१३ साली असे दाखविले, की भारतातील समूहांचे सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात परस्परांत विस्तृत मिश्रण झाले; जातीतल्या जातीतच लग्ने करण्याचा कडक नियम बहुतांशी त्यानंतरचा. भिंती अलीकडच्या, पाया एकच.

मोजमापाने उच्चनीच सिद्ध करण्याचा खटाटोप युरोपातही झाला. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली संशोधन करीत असता इरावती कर्वे यांनी निरनिराळ्या वंशांच्या कवट्या मोजल्या. आणि गुरूच्या वंशविषयक कल्पनेस आधार मिळत नाही, असा निष्कर्ष निर्भयपणे लिहिला. परदेशात, गुरूच्याच संस्थेत, एका मराठी तरुणीने हे केले. आमच्या विद्यार्थिनींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

याच इरावतीबाईंनी १९५३ च्या आपल्या आप्तसंबंधांवरील ग्रंथात दाखविले आहे, की उत्तरेची व दक्षिणेची विवाहपद्धती महाराष्ट्रात एकमेकींस भेटतात. आपण तर सीमेवरचे लोक. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे चालते. मामा-भाचीचे लग्नही या भागात नवे नाही. त्यामागे माया असते, जमीन घरात राहावी हा विचार असतो. आम्ही त्याची चेष्टा करणार नाही. पण आजीबाईंचे वाक्य आठवावे: "लपून होते म्हणा की!" मामा-भाचीत सरासरी एक चतुर्थांश व मामे-आतेभावंडांत एक अष्टमांश जनुके समान पूर्वजांकडून आलेली असतात. म्हणून एखाद्या रोगाचे दडलेले जनुक दोन्हींकडून अपत्याच्या वाट्यास येण्याचा संभव वाढतो. प्रत्येक वेळी तसे घडतेच असे नव्हे. परंतु लग्न ठरविण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, एवढी दक्षता आईबापांनी घेणे हे कर्तव्य होय. कुंडली पाहावयास वेळ मिळतो, तर यासही मिळावा. आणि मूल अधू जन्मले तर एकट्या सुनेस बोल लावणे हे अज्ञान तर आहेच, अन्यायही आहे. कारण ते दोघांकडेही लपून होते.

हे सारे मुलांस केव्हा शिकवावयाचे? २०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेने दहावीच्या शास्त्राच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक व सुजाण नागरिकांनी सह्यांचे पत्र काढून विरोध दर्शविला. मुलांवरील भार हलका करावयाचा आहे व बारावीत हा विषय आहेच, असे परिषदेच्या बाजूने सांगण्यात आले. भार हलका व्हावा, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु बारावीचे जीवशास्त्र किती जणांच्या वाट्यास येते? आमच्यासारखे कित्येक दहावीनंतर कलाशाखेकडे वळतात, कोणी वाणिज्याकडे, कोणी दुकानात किंवा शेतावर. पुढे आईबाप मात्र सगळेच होतात. जे ज्ञान प्रत्येक घरास लागते, ते दहावीच्या आतच मिळाले पाहिजे. डॉक्टर होणाऱ्यास ते पुढे मिळेलच. न होणाऱ्याचे काय?

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या ओळखपत्रावर रक्तगट लिहिला असेल तो एकदा नीट पाहा. काचपट्टीवरच्या त्या थेंबात तुमचे आडनाव दिसले नाही, घराण्याची प्रतिष्ठा दिसली नाही. दिसली ती फार जुन्या नात्याची खूण. घरी जाऊन आजीआजोबांना ती समजावून सांगा. हसू नका, पाटी घेऊन बसा. त्या घरी आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा आजीबाईंनी आमच्यादेखत नातवाला जवळ घेतले आणि सुनेला म्हणाल्या, "मला ठाऊक नव्हते गं." ठाऊक नसणे हा दोष नव्हे. ठाऊक करून देण्याचे ज्यांचे काम आहे त्यांनी ते न करणे, हा मात्र दोष आहे. आणि त्या कामात आम्ही शिक्षकही आलोच.