संख्याशास्त्राची सक्ती आणि शेतातला आकडा

संपादक महाशयांस,


आपल्या गेल्या अंकात एका पालकांनी पत्र लिहून अशी मागणी केली आहे की, अर्थशास्त्र घेणाऱ्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांवरील संख्याशास्त्राची सक्ती रद्द करण्यात यावी, कारण गणितात कच्ची असलेली मुले या एका विषयापायी वर्ष गमावतात. त्यांची कळकळ मला मान्य आहे, परंतु त्यांनी केलेले रोगाचे निदान मान्य नाही. प्रारंभीच्या वर्गांना बत्तीस वर्षे हाच विषय शिकवून मी गतवर्षी निवृत्त झालो. ज्या विषयाचे पहिल्या वर्षाचे गणित बेरीज, भागाकार आणि वर्गमूळ यांच्या फारसे पलीकडे जात नाही, त्यात मुले गणितामुळे अडखळत नाहीत. समोर मांडलेला आकडा कोणी मोजला, कसा मोजला व कशासाठी मोजला, हे त्यांना कधी पाहावयासच मिळत नाही, आणि जे पाहिले नाही त्याचे सूत्र पाठ करणे कोणालाही जडच जाते.

हे मी स्वानुभवाने लिहीत आहे. गृहीत मध्य धरून प्रमाण विचलन काढण्याची रीत विद्यार्थिदशेत मला इतकी अवगत होती की, त्या प्रश्नाचे गुण सहसा चुकत नसत. पुढे एका दिवाळीच्या सुटीत पीक कापणी प्रयोगाच्या कामी मदतनीस म्हणून हिंडण्याचा योग आला. सर्व्हे नंबर यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून निघालेला, शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून लांबीला किती आणि रुंदीला किती पावले चालावयाची तेही आकड्यांनीच ठरविलेले, आणि खुंट्या ठोकून दोरी ताणली ती नेमकी ओढ्याकाठच्या, ओल धरून राहिलेल्या पट्ट्यात. पावसाने ताण दिल्यामुळे उरलेले सगळे रान करपून गेलेले. वृद्ध शेतमालक शांतपणे म्हणाले, "पोरा, सगळी बाजरी वाळली ती दिसंना, आन् हीच जागा घावली व्हय? मग इमा कसा मिळायचा?" अशा कापलेल्या तुकड्यांच्या उत्पन्नाच्या सरासरीवर त्या भागातील विम्याची नुकसानभरपाई ठरावयाची होती, त्यामुळे प्रश्न रास्त होता, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. एका तुकड्याने एका शेताचा निवाडा होत नसून अनेक तुकड्यांच्या सरासरीने साऱ्या भागाचा अंदाज बांधला जातो. आज करुणेपोटी खुंटी हलविली तर उद्या दुसरा कोणी लोभापोटी हलवील, म्हणूनच जागा निवडण्याचा अधिकार कोणाच्याही नजरेला दिलेला नाही. एवढे चार शब्द त्या गृहस्थांना सांगता येऊ नयेत, असे काय मी दोन सत्रांत शिकलो होतो?

याच कापणीच्या प्रश्नावर आमच्या सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी जे काम केले, ते आमच्या एकाही पाठ्यपुस्तकात मला आढळले नाही. फार लहान तुकडे कापले तर उत्पन्नाचा अंदाज फुगतो, हे त्यांनी प्रत्यक्ष प्रयोगांनी दाखविले, व त्यापायी प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्यासारख्या याच शास्त्रातील धुरीणाशी त्यांचा मतभेद झाला. अंदाज फुगण्याचे कारण शाळकरी मुलासही कळेल असे आहे. सीमेवरची रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो. १ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात दर चौरस मीटरमागे २ मीटर सीमा येते, तर १० मीटर लांब व ५ मीटर रुंद तुकड्यात ती अवघी ०.६ मीटर असते. म्हणजे तुकडा जितका लहान तितकी या चुकीस वाव अधिक, आणि असे हजार लहान तुकडे कापले तरी ती चूक तसूभरही कमी व्हावयाची नाही. नमुना वाढविल्याने घटणारी चूक निराळी आणि मोजण्याच्या रीतीतच मुरलेली चूक निराळी, हा भेद वर्गात व्याख्या म्हणून सांगितला तर मुले उतरवून घेतात आणि विसरतात. दोरी हातात धरून सीमेवरचे रोप आत घ्यावे की बाहेर ठेवावे, अशा विवंचनेत एकदा पडलेला मुलगा तो विसरणार नाही.

शहरातील महाविद्यालयांनी शेत कोठून आणावे, असा आक्षेप येईल. त्यांनी एस.टी. स्थानकावर जावे. एकच गाडी ३० दिवस किती उशिरा सुटते याची नोंद विद्यार्थ्याने करावी. समजा २९ दिवस ती १० मिनिटे आणि एक दिवस घाटात अडकून ३१० मिनिटे उशिरा सुटली, तर मध्य २० मिनिटांचा येईल आणि मध्यक १० चा. प्रवाशाने घरून कोणत्या हिशेबाने निघावे, यावर वर्गात जी चर्चा होईल ती फळ्यावरच्या शंभर तक्त्यांनी व्हावयाची नाही.

विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाकडे म्हणून माझा अर्ज एवढाच आहे की, सक्ती कायम ठेवावी, १०० पैकी निदान २० गुण विद्यार्थ्याने स्वतः मोजून आणलेल्या आकड्यांच्या वहीस द्यावेत, आणि प्रश्नपत्रिकेत प्रत्येक तक्त्याखाली, हे आकडे कसे गोळा केले असतील व त्यांत काय निसटले असेल, असा एक प्रश्न अवश्य घालावा. वह्या तपासण्याचे काम अध्यापकांवर पडेल, आणि सव्वाशे मुलांच्या वर्गात ते सोपे नाही, हे मी जाणतो. माझ्या अखेरच्या तीन वर्षांत मी ते केले आहे.

आपला,
एक निवृत्त अध्यापक, सातारा