बाहेरची बंदूक आणि आपलं भात



गेल्या आठवड्यात पहाटे शेतावर गेलो तर खालच्या दोन खाचरांतलं भात आडवं. वारा नव्हता, पाऊस नव्हता. बांधाची माती उकरलेली, चिखलात खुरांचे ठसे, लोंब्या चावून टाकलेल्या. दाणा दुधात आला की रानडुकराला भाताची गोडी लागते. खातं कमी, तुडवून नि लोळून नासाडी जास्त.

संध्याकाळी नाक्यावर विषय निघाला. शेजारी म्हणाला, "दादूस, रातभर जागतोस कशाला? माझ्या वळखीची पोरं हाईत, बाहेरची. बंदूक त्यांची, गाडी त्यांची. दोन रातींचं काम. पैसं नाय मागत, मटण घेऊन जातात." चार जणांनी माना हलवल्या. मी तेव्हा गप्प राहिलो. आता बोलतो.

आधी कायदा, कारण अडकणार आपणच. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यात सुरुवातीला शिकारीचे परवाने होते, मोठ्या शिकारीचा वेगळा, लहान शिकारीचा वेगळा. 1991 च्या दुरुस्तीत ते बंद झाले. म्हणजे "शिकारीचा परवाना" म्हणून कोणी कागद दाखवला तर तो कागद आज चालत नाही. असतो तो हत्याराचा परवाना. तो बंदूक बाळगायचा, जनावर मारायचा नव्हे. आणि त्या परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. दुसऱ्या राज्याच्या हद्दीपुरता परवाना असलेला माणूस आपल्या बांधावर बंदूक घेऊन आला, तर गोळी झाडायच्या आधीच तो गुन्ह्यात.

मग वाट काहीच नाही का? आहे. याच कायद्याचं कलम 11. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत येतं. ते उभ्या पिकाला धोकादायक ठरलं, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नमूद करून लेखी आदेश देऊ शकतो. आदेश ठराविक भागापुरता. त्यात "कोणत्याही व्यक्तीला" परवानगी देता येते, म्हणजे बाहेरचा माणूसही चालतो. पण आधी कागद, मग बंदूक. आणि मारलेलं डुक्कर सरकारचं. मटण डिकीत घालून नेलं की तिथेच गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोरं गाडी काढून जातील. सातबारा आपल्या नावावर आहे, चौकशी आपल्या दारात येईल.

दुसरी गोष्ट कायद्याच्या पलीकडची. आपलं खारबाव म्हणजे काय ओसाड रान नाही. एका बाजूला दिवा-वसईची रेल्वे, दुसरीकडे खाडी, मध्ये भाताची खाचरं आणि वाढत चाललेली गोदामं. रात्री कुठल्या गोदामामागे वॉचमन झोपतो, कुठल्या वीटभट्टीवर बायकापोरं उघड्यावर असतात, कोण खाजणात मासे धरायला गेलाय, हे आपल्याला माहीत. बाहेरच्याला नाही. त्याला लाईटमध्ये दोन डोळे चमकताना दिसले की बस.

बाहेरचा नेमबाज बोलावल्यावर काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलंय. यवतमाळच्या पांढरकवडा भागात अवनी वाघिणीसाठी हैदराबादहून नेमबाज आणले. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री असगर अली यांच्या गोळीने ती मेली. माणसं मेली होती, लोक हवालदिल होते, ते खरंच. पण परवानगी कोणाला होती, नियम पाळले का, यावरून पुढे मोठं वादंग झालं. सरकारी आदेश असतानाही एवढं. आपण तर तोंडी भरवशावर बंदूक बोलावतोय.

बाहेर देशातही शिकारी एका प्रांतातून दुसऱ्यात जातात. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात रानटी टर्की, म्हणजे कोंबडीच्या जातीचा मोठा पक्षी, शिकारीने नि जंगलतोडीने संपला होता. 1984 पासून तो पुन्हा आणून सोडला. आज तिथे त्याची शिकार चालते, पण हंगाम ठरलेला, परवाना सक्तीचा. बाहेरून येणाऱ्याला आधी शिकारीचं शिक्षण किंवा जुना परवाना दाखवावा लागतो आणि फी स्थानिकापेक्षा जास्त भरावी लागते. तिथे तो छंद आहे, आपल्याकडे पोटाचा प्रश्न, फरक मान्य. पण बाहेरच्या बंदुकीची नोंद हवी, एवढं तरी शिकण्यासारखं आहे.

जवळचं उदाहरण केरळचं. 2022 मध्ये तिथल्या सरकारने याच कलम 11 खाली रानडुक्कर मारण्याचा आदेश द्यायचा अधिकार पंचायतीच्या प्रमुखांना दिला. गोळी घालायची ती परवानाधारकाने. विष, स्फोटक, विजेची तार बंद.

माझं मत सांगतो. तालुक्याला परवानाधारक नेमबाजांची यादी हवी, आधी स्थानिक शेतकरी. बाहेरचा घ्यायचा तर त्याचं नाव, बंदुकीचा नंबर आदेशात हवा आणि सोबत गावचा माणूस हवा. अर्जाला उत्तर ठरल्या दिवसांत मिळालं पाहिजे. माझ्या एका जुन्या अर्जाचं उत्तर आलं तेव्हा भात झोडून झालं होतं. उत्तर वेळेत आलं नाही की लोक त्या गाडीवाल्या पोरांकडे वळतात, हे साहेब लोकांनीही समजून घ्यावं. आणखी एक. निवडणूक लागली की परवान्याच्या बहुतेक बंदुका पोलीस ठाण्यात जमा होतात. विधानसभेचं मतदान 2019 ला 21 ऑक्टोबरला, 2024 ला 20 नोव्हेंबरला. दोन्ही वेळा ऐन भाताच्या दिवसांत. पीक राखायच्या बंदुकीचा तेव्हा वेगळा विचार व्हावा.

आणि बंदूक म्हणजे सगळं नव्हे. तुंगारेश्वरच्या रानात बिबट्या आहे, त्याचं एक खाद्य हे डुक्कर. ते साफ संपवलं तर तो शेळ्या-कुत्र्यांवर येईल. आपल्या हातातलं आपण करू. एकाच पट्ट्यात कोणी हळवं, कोणी निमगरवं, कोणी गरवं लावतो, म्हणजे डुकराला दीड-दोन महिने पंगत. पट्ट्याने मिळून एकाच मुदतीचं भात लावलं तर राखण थोड्या दिवसांची, आणि पाळ्याही लावता येतील. झटक्याचं सौर कुंपण पाच-सहा जणांनी मिळून घेतलं तर परवडतं. घरच्या लाईनीची तार मात्र कुंपणाला कोणीही जोडू नका. ती डुक्कर आणि माणूस ओळखत नाही.

शेजाऱ्याला मी काल सांगितलं, "पोरांना बोलवू नकोस. सकाळी माझ्यासंगती चल, नुकसानीचे फोटो काढू, पंचनाम्याचा नि परवानगीचा अर्ज दोघांच्या सहीने देऊ, पोच घेऊ." तो कुरकुरला, पण आला. पोच खिशात आहे. आज रात्री मचाणावर आम्ही दोघं.