कामाला माणूस टिकेल कसा?



हल्ली चार सभासद कुठेही जमले, मग ते सोसायटीच्या पायरीवर असोत, वजनकाट्यावर असोत की एखाद्या लग्नाच्या मांडवात, पाऊसपाण्याची चौकशी संपली की गाडी ठरल्या ठिकाणी येते. कामाला माणूस मिळत नाही. मिळाला तर टिकत नाही. टिकलाच तर मन लावून काम करीत नाही. सालगड्याचं असं, ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरचं असं, गोठ्यातल्या माणसाचं असं आणि तोडणीच्या टोळीचंही तसंच. ऐकून ऐकून आमचे कान किटले. आणि खरं सांगायचं तर आमचं स्वतःचं गाऱ्हाणंही याहून वेगळं नव्हतं.

पण माणदेशाने हे गाऱ्हाणं करावं यात एक गंमत आहे. पिढ्यान्‌पिढ्या या मुलखाने दुसऱ्यांना माणसं पुरवली. मुंबईच्या गिरण्यांत आमची माणसं होती, १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला आमची माणसं होती आणि कृष्णाकाठी ऊस तोडायला जाणाऱ्या गाड्यांतही आमचीच माणसं बसलेली असत. आता टेंभूचं पाणी आटपाडीकडे आलं, उरमोडीचं आणि जिहे-कठापूरचं पाणी माण-खटावला मिळू लागलं. जिथं कुसळं उगवायची तिथं ऊस उभा राहिला. जो मुलूख चाकरीला जात होता तो चाकर ठेवणारा झाला. मात्र चाकरी करताना माणसाला काय बोचतं, हे आपण एका पिढीत विसरून गेलो, असं आमचं स्पष्ट मत आहे.

सगळेच विसरले असंही नाही. आपले गलाईवाले बघा. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्याला बाहेर पडली आणि देशभर पसरली. दुकान म्हणजे काय, तर एखादी खोली, एक भट्टी, मूस, तेजाब, तराजू आणि दोन-चार पोरं. भाषा परकी, गाव परकं. सराफ विश्वासाने सोनं टाकून जातो आणि ते हाताळतं गावाकडून आलेलं सतरा-अठरा वर्षांचं पोरगं. त्याने मनात आणलं तर एका रात्रीत मालक बसला! तरी हा धंदा पिढ्या चालला आहे.

आमच्या ओळखीचे एक गलाईवाले गेल्या यात्रेला गावी आले होते. आम्ही त्यांना गाठून विचारलं, "आबा, तुमच्याकडं पोरं टिकतात तरी कशी?"

ते हसले. म्हणाले, "टिकत न्हाईत. पाच-सात वर्सं ऱ्हात्यात आन् जात्यात. पर जायाचं हाय हे पयल्या दिवशीच ठरल्यालं असतंय, म्हणून तर जीव लावून ऱ्हात्यात."

आधी आम्हांला वाटलं, आबा थट्टा करतात. मग त्यांनी उलगडून सांगितलं. पोरगं आलं की पहिल्याच दिवशी त्याला सांगायचं, "पाच वर्षं नेटानं काम शिक, मग दुसऱ्या गावात तुझं दुकान उभं करून द्यायला मी हाय." पोरगं मालकाच्याच ताटात जेवतं. त्याचा हिशेब वहीत लिहिलेला असतो आणि ती वही त्यालाही वाचायला मिळते. मालकाने स्वतः भट्टीपुढे बसून धूर खाल्लेला असतो, त्यामुळे काम अंगावर आलं की ते किती भाजतं हे त्याला सांगावं लागत नाही. आबांनी आजवर हाताखालच्या कैक पोरांना दुकानं काढून दिली. "वाईट न्हाई वाटत?" आम्ही विचारलं. "वाईट कशाचं? ती गावात आली की पयली माझ्या घरी येत्यात."

शेती म्हणजे गलाई नव्हे, हे आम्हांलाही कळतं. प्रत्येक गड्याला काही आपण एकराचा मालक करू शकत नाही. पण उद्या आपलं काय, एवढं त्याला दिसायला हवं. आमच्या शेजारच्या एका सभासदाने लागणीच्या उसात कांद्याचं आंतरपीक घेतलं आणि त्यात गड्याला चौथा वाटा बोलून दिला. पूर्वी लाईटची पाळी रात्रीची आली की त्या गड्याला उठवायला मालकाला चार हाका माराव्या लागत. आता मालक झोपलेला असतो आणि मोटर चालू झालेली असते. दुसऱ्या एकाने आपल्या ड्रायव्हरला लायसन काढायला पैसे दिले. भावकीने त्याला वेड्यात काढलं की लायसन हातात आलं की पोरगं पळणार. चार वर्षं झाली, पोरगं तिथंच आहे. कधी तरी जाईलही. गेलं तर जाऊ दे. तोवर ट्रॅक्टर तरी सांभाळला जातोय.

आपण मात्र माणूस बांधायचा कसा याचाच विचार करतो आणि त्याला एकच दावं आपल्याला ठाऊक आहे, ते म्हणजे उचल. सालाच्या सुरुवातीला गड्याला उचल द्यायची, हंगामाआधी टोळीला उचल द्यायची आणि एकदा पैसे अंगावर गेले की आता जातोय कुठं म्हणून निर्धास्त व्हायचं. तरी टोळ्या पळतातच. मुकादम एकाची उचल घेऊन दुसऱ्याच्या फडात उतरतो. पैसे बुडाल्याची दुःखं या तालुक्यात घरोघर आहेत आणि ती खोटी आहेत असं आम्ही म्हणत नाही. पण कर्जाने बांधलेला माणूस काम करतो ते कर्ज फेडण्यापुरतं. त्यातून बाईमाणूस पाचटाच्या कोपीत, लेकरू फडाच्या बांधावर, रात्री-अपरात्री गाडी भरायला उठायचं. अशा माणसाने आपल्या उसाची मोळी मायेने बांधावी, वाढं नीट छाटावं, बुडखा जमिनीलगत तोडावा, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करतो? मग तो खुशाली मागतो आणि आपण त्याला शिव्या देत देत ती देतो.

दाव्याशिवाय माणूस राहतो याचा दाखला शोधायला लांब जायला नको. आटपाडीजवळच स्वतंत्रपूर आहे. औंधचे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या काळात, १९३९ साली, तिथं कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. उंच भिंती नाहीत. बायकामुलांसह राहायचं आणि जमीन कसायची. ग. दि. माडगूळकरांनी त्यावर कथा लिहिली आणि शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' १९५७ साली पडद्यावर आला, हे पुष्कळांना माहीत असेल. याच संस्थानात १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. तिथं लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शिक्षा झालेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं होतं. शिक्षा झालेला माणूस भिंत नसताना जागेवर राहतो, कारण त्याचं बिऱ्हाड तिथं आहे आणि कोणीतरी त्याच्यावर भरवसा टाकलेला आहे. आपला गडी तर गुन्हेगारही नाही. त्याला छप्पर गळकं, संडास नाही, पोरांच्या शाळेची चौकशी नाही. आणि तो पळतो म्हणून आपण नशिबाला बोल लावतो.

आता पगाराचं. आपलं ऊसबिल लांबलं की आपण काय करतो, हे आम्ही सांगायला नको. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांची मुदत घातली गेली, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज, हे आपल्यातल्या शाळा न शिकलेल्या सभासदालाही पाठ आहे. ते मागितलंच पाहिजे, आम्हीही मागणाऱ्यांतलेच. पण आपल्या गड्याचा पगार आपण कोणत्या मुदतीत देतो? "बिल आलं की बघू" हे त्याने किती वेळा ऐकलंय? त्याच्या किराणा दुकानदाराला आपलं बिल कधी येतं याच्याशी काय देणंघेणं? हात अडचणीत असेल तर निम्मे द्यावेत, पण ठरल्या तारखेला द्यावेत आणि राहिलेले कधी देणार ते तोंडाने सांगावं. तारीख पाळणाऱ्या मालकाला माणूस सोडत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. आम्हीही काही वर्षं तारीख पाळली नव्हती. त्या वर्षांत आमच्याकडे तीन गडी बदलले.

हे सगळं सभासदांना सांगून आमच्या ताटातलं झाकून ठेवणं बरं नव्हे. कारखान्यातही हेच चालतं. हंगाम संपल्यावर हंगामी कामगाराला रिटेन्शन देण्याची पद्धत साखर धंद्यात जुनी आहे. जाणता माणूस पुढच्या हंगामाला परत यावा हाच तिचा हेतू. पण पंधरा-पंधरा हंगाम पॅनवर, मिलवर काढलेला माणूस हंगामीच राहतो आणि कुणाचा तरी भाचा टेबलावर कायम होऊन बसतो, तेव्हा त्या पंधरा हंगामवाल्याच्या मनाचं काय होत असेल? तो भांडत नाही. तो फक्त एवढंच करतो की मिलचा आवाज बदललेला ऐकू येऊनही जागचा उठत नाही. गाळप थांबतं. ऊस गव्हाणीपुढे वाळतो आणि वजन घटतं ते आपलं. भाच्याची चिठ्ठी घेऊन संचालकांच्या दारात जाणारेही आपणच सभासद असतो, हेही लिहून ठेवतो. कुणाला राग आला तर येवो.

आमची सूचना साधी आहे. बॉयलर पेटवण्याआधी हंगामी कामगारांची ज्येष्ठता यादी गेटवर लावावी, म्हणजे कोण कितव्या नंबरला आहे हे ज्याचं त्याला वाचता येईल. टोळ्यांचे मुकादम येतील तेव्हा त्यांच्याशी दराबरोबरच पाण्याची टाकी, दिवा आणि पोरांची शाळा यांचंही बोलणं व्हावं. आणि येत्या मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला गलाईवाले येतील, तेव्हा चार सभासदांनी त्यांच्या हाताखालच्या पोरांना बाजूला घेऊन विचारावं की, बाबा, तू तिथं का राहिलास? उत्तरं आम्हांला कळवावीत. पुढच्या अंकात छापू.