न मागितलेली पुस्तके

परवा एका स्नेह्यांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला गेलो होतो. जेवणे आटोपली, पाने उचलली गेली आणि मंडळी सुपारी कातरत गप्पांना बसली. मी सवयीने पुस्तकांच्या कपाटापाशी जाऊन उभा राहिलो. 'मृत्युंजय', 'छावा', 'स्वामी', 'ययाति', 'श्यामची आई', पु. लं.ची सात-आठ पुस्तके, व. पुं.ची तितकीच आणि खालच्या कप्प्यात ज्ञानेश्वरी. कपाट नीटनेटके होते, पुस्तके वाचलेली दिसत होती. तरी मला काहीतरी ओळखीचे, अति ओळखीचे वाटत राहिले. घरी आल्यावर उलगडा झाला. माझेही कपाट तेच होते. शेजारच्या बिऱ्हाडातले तेच, पुण्याच्या मावशीकडचे तेच आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या भाच्याने विमानातून वजन करकरून नेले तेही तेच.

आता कुणी म्हणेल, यात वाईट काय? चांगलीच पुस्तके आहेत ती. आहेतच. त्यांना नावे ठेवण्यासाठी हा लेख नाही. पण एखाद्या गावात आपण चाळीस वर्षे राहावे आणि देवळाच्या मोठ्या रस्त्याखेरीज दुसऱ्या आळीत कधी पाऊलच टाकू नये, तसे आपले वाचनाचे झाले आहे. मराठी साहित्याच्या गावात आळ्या पुष्कळ आहेत. तिथे माणसे राहतात. ती आपल्याला हाका मारतात असे मी म्हणणार नाही, कारण पुस्तक हाक मारत नाही. ते आपण मागितले तरच पुढे येते.

ही गोष्ट मला आमच्या गावच्या वाचनालयात लख्ख कळली. देवघेवीच्या टेबलामागे जमिनीवर पुस्तकांचा एक ढीग होता. "हे काय?" म्हणून विचारले, तर ग्रंथपाल म्हणाले, "निर्लेखनाची आहेत. जागा नाही, आणि मागणीही नाही. ठेवायची तरी कशासाठी?" गृहस्थ पुस्तकांवर प्रेम करणारे. त्यांच्या आवाजात बेफिकिरी नव्हती, थकवा होता. मी वरचे एक पुस्तक उचलले. पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी'. मागच्या पानावरची तारखांची चिठ्ठी पाहिली. शेवटचा शिक्का पंधरा वर्षांपूर्वीचा होता.

या पार्वतीबाई कोण, हे किती घरांत ठाऊक असेल? महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई यांच्या त्या बहीण. जन्म 1870 चा, कोकणातला. ऐन विशीत वैधव्य आले, केशवपन झाले, पदरी मूल. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचे आयुष्य माजघराच्या अंधारात संपायचे. त्याऐवजी या बाई कर्व्यांच्या आश्रमात शिकल्या, आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत हिंडल्या आणि चाळिशी उलटून गेल्यावर, पुरेसे इंग्रजी येत नसताना, 1918 मध्ये अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. 1928 मध्ये त्यांनी ही कहाणी प्रसिद्ध केली. ती आव आणून लिहिलेली नाही. स्वयंपाकघरात बसून एखाद्या वडीलधाऱ्या बाईने सांगावी तशी सरळ आहे. आजही घराबाहेर पहिले पाऊल टाकायला कचरणाऱ्या कुणा लेकीसुनेच्या हाती हे पुस्तक द्यावे, उपदेश करावा लागणार नाही. आणि हेच पुस्तक त्या ढिगात होते.

न मागितलेले पुस्तक नाहीसे होते, ही केवळ भीती नाही. तसे आपल्याकडे घडून गेले आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्ये 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध छापला. बायकांच्या माथी मारलेला प्रत्येक दोष पुरुषांत कसा दुप्पट आहे, हे त्यांनी ज्या धारदार मराठीत सांगितले, तशी मराठी त्यानंतरही फार थोड्यांनी लिहिली. जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली. पण पुढे पुस्तक विस्मरणात गेले ते गेलेच. 1975 मध्ये डॉ. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा मधे 93 वर्षे गेली होती. म्हणजे माणसांच्या तीन-चार पिढ्या. त्या पिढ्यांतल्या मुलींना आपल्या आधी कुणी हे बोलून गेले आहे, याचा पत्ताच नव्हता. एका मालश्यांच्या हाती ते लागले म्हणून वाचले. प्रत्येक पुस्तकाला मालशे भेटतीलच असे नाही.

मग एखादा लेखक सर्वांना ठाऊक होतो आणि दुसरा होत नाही, असे का? दरवेळी गुणवत्तेमुळेच, असे मानण्याची आपल्याला सवय आहे. पण एखाद्या कादंबरीवर नाटक निघते, चित्रपट निघतो, धडा पाठ्यपुस्तकात जातो. लेखक पुण्या-मुंबईत असतो, सभासंमेलनांत दिसतो. दुसरा अमरावतीला किंवा निपाणीला बसून लिहितो, त्याची आवृत्ती संपायला वर्षे लागतात आणि संपली की पुन्हा निघत नाही. कुणी बाई असते, तिला घरातूनच लिहायची चोरी. यात वाचकाचा दोष नाही. पण वाचकाच्या हातात उपाय मात्र आहे.

उद्धव शेळके यांचेच पाहा. वऱ्हाडी बोलीतली त्यांची 'धग' 1960 मध्ये आली. जाणकारांनी तिला डोक्यावर घेतले, पण घराघरांतल्या कपाटांत ती पोहोचली नाही. गरीब शिंपी कुटुंबातली कौतिक, तिचा कष्टाला पाठ दाखवणारा नवरा महादेव आणि मुले, एवढाच प्रपंच. या बाईने संसार सावरण्यासाठी केलेली धडपड वाचताना घशाशी आवंढा येतो, आणि लेखक मात्र कुठेही आवाज चढवत नाही. बोली अवघड वाटेल म्हणून बिचकू नये. पहिली वीस पाने मोठ्याने वाचावीत. वऱ्हाडी कानाला गोड लागते आणि मग वाट मोकळी होते.

हमीद दलवाई हे नाव पुष्कळांना ठाऊक असते ते समाजसुधारक म्हणून. 1966 मध्ये सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेणारे आणि 1970 मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणारे. ते मुळात कथा-कादंबरीकार होते हे विसरले गेले. त्यांची 'इंधन' ही 1965 ची कादंबरी. बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परतलेल्या एका मुस्लिम माणसाच्या नजरेतून ती गाव दाखवते. तिथल्या जातीजमातींतले जुने हेवेदावे, मानापमान, जमिनी, भानगडी, आणि हे सारे हळूहळू कसे पेट घेते ते. दंगलीच्या बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो, पण ठिणगी पडण्याआधी लाकडे कोण रचत असते, हे ही छोटी कादंबरी सांगते. कुणा एकाची बाजू घेऊन बसलेल्याने ती वाचू नये. किंवा त्यानेच आधी वाचावी.

मालतीबाई बेडेकर 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने गाजल्या त्या 'कळ्यांचे निःश्वास'मुळे. त्यांची 1950 ची 'बळी' मात्र मागे राहिली. इंग्रज सरकारने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवले होते. सोलापूरच्या अशा वसाहतीत मालतीबाईंनी काम केले होते आणि त्या अनुभवातून ही कादंबरी उतरली. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. आपल्या वस्तीत चोरी झाली की पहिला संशय कुणाचा घेतला जातो, हे आठवावे. म्हणजे कुंपण कागदावरून गेले आणि कुठे शिल्लक राहिले ते कळेल.

बेबी कांबळे फलटणला छोटे दुकान चालवत. त्या दुकानात बसल्या बसल्या, घरच्यांच्या नकळत, त्यांनी आपली आणि आपल्या महार समाजातल्या बायकांची हकीकत लिहिली आणि कित्येक वर्षे दडवून ठेवली. 'जिणं आमुचं' या नावाने ती 1986 मध्ये पुस्तकरूपाने आली. अस्पृश्यतेचे चटके त्यात आहेतच. बाबासाहेबांच्या हाकेने वस्ती कशी जागी झाली, त्याचा उत्साह आहे. पण बाहेर छळ सोसणारा पुरुष घरात बाईला कसा छळतो, हेही त्या लपवत नाहीत. एवढे दोन्हीकडे खरे बोलणे मोठमोठ्या लेखकांना साधत नाही.

दि. बा. मोकाशी यांचा व्यवसाय पुण्यात रेडिओ दुरुस्तीचा. तुकोबांवरची त्यांची 'आनंद ओवरी' काहींनी नाटकामुळे ऐकली असेल. मला सुचवायचे आहे ते 1964 चे 'पालखी'. ज्ञानोबांच्या पालखीबरोबर ते आळंदीहून पंढरपूरला चालत गेले. भक्त म्हणून नव्हे आणि टवाळी करायलाही नव्हे. पाय दुखतात, पाऊस लागतो, कुणी ओळखदेख नसताना भाकरी देतो, कुणी भांडतो, आणि संशयी मनाचा हा माणूस सारे टिपत राहतो. घरातल्या आजोबांनी आणि देव न मानणाऱ्या नातवाने एकामागून एक वाचावे असे हे पुस्तक आहे. जेवताना वाद होईल. होऊ द्यावा.

निपाणीचे महादेव मोरे 2024 मध्ये वारले. सीमाभागातल्या त्या गावात त्यांनी पिठाची गिरणी चालवली. दळणाच्या डब्यांमध्ये बसून या माणसाने कथा-कादंबऱ्यांचा ढीग लिहिला. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बाया, ड्रायव्हर, गॅरेजमधले मिस्त्री, बाजारातले छोटे व्यापारी ही त्यांची माणसे. 'एकोणिसावी जात' हे नाव लक्षात ठेवावे आणि जे हाती लागेल त्यापासून सुरुवात करावी. ज्याच्या गाडीत आपण बसतो त्या माणसाच्या घरी डोकावायची संधी एरवी कितीदा मिळते?

आणि मुलांसाठी? अनुवादकाचे नाव आपण कधी लक्षात ठेवतो का? मार्जोरी रॉलिंग्ज या अमेरिकन लेखिकेच्या 1938 च्या कादंबरीचा राम पटवर्धन यांनी 'पाडस' या नावाने केलेला अनुवाद अकरा-बारा वर्षांच्या मुलापुढे ठेवावा. फ्लोरिडाच्या रानात राहणारा ज्योडी, त्याने पाळलेले हरणाचे पिल्लू आणि ते मोठे होऊन शेतातल्या पिकाला तोंड लावू लागल्यावर घरावर आलेला प्रसंग. परक्या मुलखातली गोष्ट इतक्या आपल्या मराठीत आली आहे की मूल विसरूनच जाते. मूल रडेल. रडू द्यावे, पुस्तकासाठी रडलेले मूल पुढे माणसासाठी रडायला शिकते.

एक कबुली द्यायला हवी. विस्मरणात गेलेले प्रत्येक पुस्तक थोर असते असे मुळीच नाही. पुष्कळशी पुस्तके विसरली गेली ती विसरण्याच्याच लायकीची होती म्हणून. अप्रसिद्ध लेखकावर दया म्हणून त्याचे पुस्तक वाचू नये, तो त्याचा अपमान आहे. चाळीस पाने वाचावीत. मन रमले नाही तर खुशाल परत करावे. पण चाळीस पाने तरी द्यावीत. अनोळखी पाहुण्याला आपण निदान पाणी विचारतो.

"पण ही पुस्तके मिळतात कुठे?" हा प्रश्न रास्त आहे. सारी दुकानात मिळतीलच असे नाही. वाचनालयात विचारावे, रद्दीवाल्याकडे आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानात शोधावे, प्रकाशकाला पत्र टाकावे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे, मुंबईचे 1898 चे. आपल्या पूर्वजांनी वर्गण्या काढून अशा संस्था गावोगाव उभ्या केल्या त्या चार गाजलेल्या कादंबऱ्या फिरत्या ठेवण्यासाठी नव्हे. आणि मागणी नोंदली गेली तर पुस्तक कपाटात राहते. चार गावांतून मागणी आली तर प्रकाशक नवी आवृत्ती काढण्याचा विचार करतो. हिशेब इतका साधा आहे.

ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण पेढे वाटले, ते योग्यच झाले. पण दर्जा सरकार देते, वाचक देत नाही. आणि भाषा जिवंत राहते ती वाचकामुळे. दोन हजार वर्षांच्या परंपरेचा अभिमान बाळगायचा आणि साठ वर्षांपूर्वीची 'धग' रद्दीत जाऊ द्यायची, हे काही जुळत नाही. त्या ढिगाबरोबर नुसता कागद जात नाही. वऱ्हाडातली कौतिक जाते, निपाणीच्या वखारीतल्या बाया जातात, कोकणातले एक गाव जाते. ही माणसे आणखी कुठे लिहून ठेवलेली नाहीत.

तेव्हा एवढेच करावे. या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाने वाचनालयात एका अशा पुस्तकाची चिठ्ठी द्यावी, ज्याच्या लेखकाचे नाव त्याने आजवर ऐकलेले नाही. वरच्यांपैकी एखादे, किंवा कपाटातून आपणच शोधलेले. आणि आवडले तर पुढच्या बारशाला, वाढदिवसाला, वास्तुशांतीला तेच भेट द्यावे.

त्या दिवशी मी 'माझी कहाणी' ढिगातून उचलून ग्रंथपालांपुढे ठेवली. "न्यायचंय?" त्यांनी विचारले. मग खण उघडून शिक्का काढला, शाईच्या गादीवर दोनदा दाबला आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या तारखेखाली आजची तारीख उठवली. "आता हे काढता येणार नाही," ते म्हणाले. "वाचक आहे याला."