कुत्र्याचे जादा पैसे घेता, मग त्याच्या जिवाची जबाबदारी कोणाची?

मंडळी, काजव्यांचा सीझन तोंडावर आलाय. मे संपत आला की भंडारदरा, मुरशेत, रतनवाडी, घाटघर, जिकडं बघाल तिकडं तंबू. आपल्या अकोले तालुक्यातल्या पोरांना त्यातून चार पैसे मिळतात, त्याला माझा विरोध नाही. पण हल्ली प्रत्येक जाहिरातीत दोन शब्द घुसलेत, ‘पेट फ्रेंडली’. आज त्याच्यावर स्पष्ट बोलतो. राग आला तर कमेंटमध्ये या.

पेट फ्रेंडली म्हणजे काय, असं मी बऱ्याच कॅम्पवाल्यांना विचारलं. उत्तर एकच, ‘कुत्रं आणलं तर चालतं, जादा चार्ज पडतो.’ बस्स? चार्ज कशाचा? सावलीचा? पाण्याचा? रात्री दोन वाजता कुत्र्याला काही झालं तर गाडी देणार आहात, त्याचा?

मागच्या सीझनला एका कॅम्पवर बातमीसाठी गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण बाकीचे फार वेगळे आहेत असं नाही. एका जोडप्यानं पग आणला होता. ही चपट्या नाकाची जात, हिला उकाडा मुळातच सोसत नाही. दुपारभर घाटातल्या ट्रॅफिकमध्ये गाडीत बसून आलेलं ते कुत्रं उतरवलं तेव्हा धापा टाकत होतं, पाय लटपटत होते. ताप आलाय म्हणून मालकांनी माणसांची तापाची गोळी दिली. कॅम्पवाल्यानं ओला टॉवेल गुंडाळून तंबूत झोपवायला सांगितलं. सगळ्यांनी मायेनंच केलं, आणि सगळं चुकीचं केलं. रात्री ते गेलं. ‘आधीच आजारी असेल,’ असं म्हणून कॅम्पवाला मोकळा.

तो ताप नव्हता, उष्माघात होता. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०४ च्या वर गेलं की धोका. त्याला सावलीत घ्यायचं, अंगावर भरपूर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि लगेच डॉक्टरकडं हलवायचं. गुंडाळलेला ओला टॉवेल थोड्या वेळात उलट उष्णता कोंडून धरतो. माणसांच्या गोळ्या तर देऊच नका. पॅरासिटामॉलनं मांजर मरतं, आयब्युप्रोफेननं कुत्र्याच्या पोटाची आणि किडनीची वाट लागते. एवढी माहिती एका फ्लेक्सवर मावते. सेल्फी पॉइंटचा फ्लेक्स लागतो, हा का लागत नाही?

साप चावला तर? नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरचं जे इंजेक्शन माणसाला देतात तेच कुत्र्यालाही चालतं. पण ते द्यायला पशुवैद्य लागतो. रतनवाडीतून रात्री राजूर गाठायचं तर तास सहज जातो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांची घडीच गाई-म्हशींच्या हिशोबानं बसवलेली. १९६२ हा टोल फ्री नंबर आहे, तो जरूर सेव्ह करा. पण शनिवारी रात्री दरीच्या काठावर मोबाइलला रेंज तरी हवी ना!

आता दुसरी बाजू, जी शहरातल्या मित्रांना आवडणार नाही. तुमच्या कुत्र्याचा आजार तुमच्याबरोबर परत जातोच असं नाही. लस न दिलेलं कुत्रं डिस्टेंपर घेऊन आलं तर तो आमच्या वाडीवरच्या कुत्र्यांत पसरतो, आणि तिथून जंगलात. २०१८ साली गीरच्या जंगलात वीसहून जास्त सिंह दगावले, तेव्हा तपासणीत याच डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता. आमच्याकडं सिंह नसले तरी बिबटे आहेत.

आणि कायद्याची गंमत बघा. यातली बरीच गावं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार लस न टोचलेलं पशुधन अभयारण्यात नेता येत नाही. पशुधनाच्या व्याख्येत गाय, म्हैस, शेळी, मेंढी, घोडा, गाढव, डुक्कर, अगदी बदक आणि कोंबडीसुद्धा आहे. कुत्र्याचं नाव नाही. म्हणजे इथं जन्म काढलेल्या म्हातारीच्या शेळीला लस पाहिजे, आणि एसी गाडीतून आलेल्या लॅब्राडोरला कोणी विचारायचं नाही!

यावर काही जण म्हणतील, ‘तुमची गावची कुत्री मोकाट फिरतात, त्यांना कुठं लस आहे?’ मुद्दा शंभर टक्के बरोबर. लसीचा कोर्स पूर्ण न झालेलं पिल्लू इथं आणलं तर ते आमच्याकडून पार्वो घेऊन जाऊ शकतं. गोचीड चावली तर गोचीड ताप दोन-तीन आठवड्यांनी, तुमच्या घरी गेल्यावर डोकं वर काढतो. कुत्रं खात नाही, हिरड्या पांढुरक्या पडतात, नाकातून रक्त येतं, तेव्हा कॅम्पची आठवणही राहिलेली नसते. म्हणूनच म्हणतो, सोय दोघांसाठी हवी.

माझ्या मागण्या साध्या आहेत. वनखातं नाक्यावर माणशी आणि गाडीमागं पैसे घेतंच, तिथंच कुत्र्याचं लसीचं कार्ड बघा. रेबीज आणि डिस्टेंपरची लस नसेल तर कुत्रं आत नाही. कॅम्पवाल्यांनी जादा चार्जमधून सीझनआधी गावच्या कुत्र्यांचं लसीकरण करावं, ग्रामपंचायतीनं त्याचा हिशोब ठेवावा. प्रत्येक कॅम्पवर थर्मामीटर, पशुवैद्याचा नंबर आणि रात्रीची एक गाडी असावी. आणि सीझनच्या या थोड्या आठवड्यांत शनिवार-रविवारी एक फिरतं पशुवैद्यकीय पथक धरणाच्या बाजूला उभं करावं. ते वाडीवरच्या गाईलाही उपयोगी पडेल.

हे जमत नसेल तर पाटीवर खरं लिहा, ‘इथं कुत्र्याचे पैसे घेतले जातात, काळजी नाही.’ मग यायचं का नाही, ते लोक ठरवतील.

ग्रामपंचायत सदस्य आणि कॅम्पवाले या पोस्टवर आहेत, मला माहीत आहे. उत्तर इथंच द्या. फोन करून ‘पोस्ट काढा’ म्हणू नका.