बॅटरी बदलण्याआधी

गाडी चालू होत नाही, या एकाच तक्रारीत तीन निराळे बिघाड दडलेले असतात आणि किल्ली फिरवताना कान दिला तर ते लगेच ओळखू येतात. सेल्फ ढिम्म हलत नाही. नुसती कट-कट होते. किंवा सेल्फ नेहमीसारखा फिरतो, पण इंजिन पकडत नाही.

गॅरेजमध्ये सर्वांत जास्त चुकीचे निदान होते ते कट-कटीचे. सोलेनॉइड प्लंजर ओढतो, मोटारीकडे करंट धावू लागताच व्होल्टेज कोसळते, प्लंजर सुटतो, व्होल्टेज परत चढते. तोच खेळ पुन्हा. यावरून बॅटरी गेली असे ठरवणे घाईचे आहे. नुकत्याच धावून आलेल्या गाडीची बॅटरी वरवर भरलेली दिसते. म्हणून दोन मिनिटे हेडलाइट लावून, बंद करून मग मीटर लावावा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. खरी परीक्षा मात्र सेल्फ मारताना होते. भरलेली बॅटरी त्या वेळी ९.६ व्होल्टच्या खाली गेली, तर तिच्यावर संशय घ्यावा. ती ११ च्या वर टिकून राहिली आणि सेल्फ तरीही रडत असेल, तर करंट वाटेत अडतो आहे किंवा दोष सेल्फमध्येच आहे.

हा अडथळा ओहममध्ये मोजून सापडत नाही. एकच तार शाबूत राहिलेली केबलही मीटरवर बीप देते. २०० अँपिअर वाहताना ०.०१ ओहमसुद्धा २ व्होल्ट गिळतो. म्हणून गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला आणि फ्युएल पंपाचा रिले काढलेला असताना, मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नव्हे) आणि दुसरे इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूवर धरून सेल्फ मारायला सांगावे. ०.२ व्होल्टपेक्षा बरेच जास्त दिसले, तर दोष अर्थिंगमध्ये आहे. कोकणच्या खाऱ्या हवेत अर्थिंगची पट्टी आतून सडते, वरून धड दिसते. ती न तपासता नवी बॅटरी विकणे हा ग्राहकावर अन्याय आहे.

सेल्फ फिरूनही इंजिन पकडत नसेल, तर आधी इमोबिलायझरचा दिवा पाहावा, मग इग्निशन देताच पंपाची गुणगुण ऐकू येते का, ते. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम शून्यच राहिला, तर संशय क्रँक सेन्सरवर. सेल्फ अकारण हलका, भरभर फिरू लागला, तर लगेच थांबावे: टायमिंग बेल्ट तुटला असेल, तर काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

रात्रभरात बॅटरी उतरत असेल, तर गाडी लॉक करून, सगळी युनिटे झोपेपर्यंत अर्धा तास थांबून करंट मोजावा. ५० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास, एवढ्याने बॅटरी रातोरात उतरत नाही. आकडा त्याहून फार मोठा असेल, तर एकेक फ्यूज काढून पाहावा; ज्या फ्यूजला तो पडतो, त्याच सर्किटमध्ये गळती असते.